पोरांची बातमी कोण तपासणार, ते आधी विचारा : कोकणातल्या पालकांना खुलं पत्र

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या पालकांस,

स. न. वि. वि.

बारावीच्या निकालात रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं कोकण मंडळ दरवर्षी राज्यात पहिलं येतं (रायगड मुंबई मंडळात मोडतं). २०२४ मध्ये राज्याचा निकाल ९३.३७ टक्के होता, कोकण मंडळाचा ९७.५१. २०२५ मध्ये राज्याचा ९१.८८, कोकण मंडळाचा ९६.७४. पेढे वाटून होतात आणि दुसऱ्या दिवसापासून घराघरांत पुढच्या शिक्षणाचं बोलणं सुरू होतं. अशा वेळी एखादी मुलगी किंवा मुलगा ‘मला पत्रकारिता करायची आहे’ म्हणाला की घर गप्प होतं. इंजिनीअरिंग आपल्याला ठाऊक असतं, नर्सिंग, फार्मसी, आयटीआय ठाऊक असतं. पत्रकारितेचं कॉलेज कसं निवडायचं, हे सांगणारं वाडीत कोणी नसतं. मग मुंबईच्या मामाला फोन जातो, मामा ऑफिसातल्या कुणाला तरी विचारतो, आणि ज्या कॉलेजचं नाव कानावरून गेलेलं असतं तिथला अर्ज भरला जातो.

हे पत्र त्या पालकांसाठी आहे. माझी उमेदीची वर्षं जिल्हा दैनिकांत गेली, आधी बातमीदार म्हणून आणि मग डेस्कवर उपसंपादक म्हणून. आता पदवीच्या वर्गांना तासिका तत्त्वावर शिकवतो. त्यामुळे कॉलेजात मुलांना काय शिकवतात ते रोज बघतो, आणि पदवी घेऊन आलेल्या मुलाला दैनिकाच्या कचेरीत पहिल्या दिवशी काय येत नाही तेही पाहिलं आहे. या दोन्हींवरून माझं एकच सांगणं आहे. कॉलेज निवडताना, तिथे तुमच्या मुलाने लिहिलेली बातमी कोण तपासणार आणि किती वेळा तपासणार, हे आधी विचारा. इमारत, स्टुडिओ, शहर, फी यांची चौकशी त्यानंतर करा.

तपासणं म्हणजे काय, ते जरा खोलात सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने तिच्या गावची बातमी लिहून आणली. सुरुवात अशी होती : ‘ग्रामस्थांना भीषण पाणीटंचाईला सामोरे जावे लागत असून प्रशासनाच्या दुर्लक्षामुळे संतापाची लाट उसळली आहे.’ शुद्धलेखन चोख होतं. कुठल्याही पेपरात अशी वाक्यं रोज दिसतात, त्यामुळे तिला ते बरोबरच वाटत होतं. मी कागदाच्या कडेला प्रश्न लिहून तो परत दिला. गावातल्या किती वाड्यांना पाणी नाही? विहीर कधी आटली? टँकर येतो का, किती दिवसांनी, आणि तो वरच्या वाडीपर्यंत चढतो का? नळपाणी योजना मंजूर आहे का? असेल तर किती रकमेची, आणि काम कधी पुरं व्हायचं होतं? ग्रामपंचायतीचं म्हणणं काय? ‘संतापाची लाट’ म्हणजे नेमकं कोण, काय बोललं?

ती शनिवारी गावी गेली. सोमवारी आली ती योजनेच्या फलकाचा फोटो घेऊन. काम पूर्ण करण्याची फलकावरची तारीख कधीच उलटून गेली होती. टाकी बांधून झाली होती, पण टाकीत पाणी कुठून आणायचं तो उद्भवच (पाण्याचा स्रोत) ठरलेला नव्हता. वरच्या वाडीतल्या बायका पहाटे किती वाजता निघतात आणि कुठल्या झऱ्यावर जातात, हे तिने त्यांच्याबरोबर चालून लिहिलं होतं. ग्रामपंचायतीची बाजूही होती. कागद पुन्हा परत गेला, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटच्या परिच्छेदात राहिली होती. ती वर आली, ‘भीषण’ गेला, ‘लाट’ गेली, मजकूर निम्म्यावर आला. ती बातमी छापून आली.

आपल्या जिल्ह्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलात टँकर लागतो. जांभा पाणी धरत नाही, उतार तीव्र आहेत, आणि योजनांचे पैसे कुठे अडतात ते दप्तरात लिहिलेलं असतं. हे सगळं एका बातमीत मांडायला त्या मुलीला कॅमेरा लागला नाही, वातानुकूलित स्टुडिओ लागला नाही. तिचा कागद दोन-तीनदा वाचून परत देणारं माणूस तेवढं लागलं. असं तीन वर्षं दर आठवड्याला झालं तर पोर तयार होतं. झालं नाही तर सहा सत्रांच्या सहा गुणपत्रिका हातात येतात आणि ‘संतापाची लाट’ जिथल्या तिथे राहते.

आता हे कॉलेजांत का होत नाही, तेही समजून घ्या. माध्यमांचा हा पदवी अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित आहे. शिकवणारे बरेच जण बाहेरून तासाला येतात आणि त्यांना पैसे तासाचे मिळतात, घरी नेऊन कागद तपासण्याचे मिळत नाहीत. साठ मुलांचा वर्ग धरा. एका मुलाच्या बातमीला दहा मिनिटं दिली तरी एका वेळच्या लिखाणाला दहा तास लागतात. दर आठवड्याला हे दहा तास कोण देणार? मग लिखाणाच्या जागी गटाने करायचे प्रकल्प येतात, स्लाइड्सचं सादरीकरण येतं. पाचजणांच्या गटात एकजण काम करतो, बाकीच्यांची नावं लागतात. मुलं बोलायला धीट होतात हे खरं, आणि त्याचा उपयोगही आहे. पण बातमी एकट्याने लिहायची असते.

इथे एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. ज्या कॉलेजात जागा भरत नाहीत, वर्गात जेमतेम पंधरा-वीस मुलं असतात, त्याला आपण कमी लेखतो. पण पंधरा मुलांचे कागद तपासायला अडीच तास पुरतात. तालुक्याच्या ठिकाणच्या लहान कॉलेजात एखादा प्राध्यापक मनापासून काम करणारा असेल, आणि गावातला एखादा जाणता बातमीदार तासाला येत असेल, तर तिथे तुमच्या मुलाला जे मिळेल ते मुंबईच्या गाजलेल्या कॉलेजच्या भरलेल्या वर्गात मिळेलच असं नाही. ‘जागा शिल्लक आहेत’ ही पाटी बघून मागे फिरू नका. आत जा, शिकवतं कोण ते बघा.

माहितीपुस्तिकेतल्या फोटोंवर जाऊ नका, असं मी हात जोडून सांगतो. एका कॉलेजात (नाव घेत नाही) स्टुडिओचा फोटो मुखपृष्ठावर होता. आत कॅमेऱ्यावरचं प्लास्टिकचं वेष्टण तसंच होतं आणि खोलीची किल्ली कार्यालयातल्या कारकुनाकडे. तिसऱ्या वर्षाची मुलं मला म्हणाली, तपासणी समिती आली तेव्हा तो उघडला होता. आंब्याची पेटी घेताना आपण वरचा थर बघून पैसे देत नाही, गवत बाजूला करून तळातलं फळ हातात घेतो. इथेही तळ बघायचा. मागच्या वर्षी मुलांनी काढलेला अंक मागा. छापील असो, भिंतीवरचा असो, संकेतस्थळावरचा असो. त्यात मुलांनी स्वतः फिरून आणलेल्या बातम्या किती आहेत, आणि प्राचार्यांचं मनोगत, स्नेहसंमेलनाचा वृत्तांत, कविता किती, हे तुम्हाला पाच मिनिटांत कळेल. त्यासाठी पत्रकार असावं लागत नाही, पेपर वाचणारा माणूस पुरतो. अंकच नसेल तर तेही उत्तरच आहे.

अभ्यासक्रमाबद्दल थोडं. मुंबई विद्यापीठात हा पदवी अभ्यासक्रम पूर्वी बीएमएम म्हणून ओळखला जायचा. २०१९-२० पासून तो बीएएमएमसी झाला, म्हणजे बॅचलर ऑफ आर्ट्स इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन. हा निव्वळ पत्रकारितेचा अभ्यासक्रम नाही. सुरुवातीला माध्यमांचा इतिहास, जाहिरात, जनसंपर्क, सिनेमा, संगणकावरची मांडणी असं सगळं थोडं थोडं असतं आणि तिसऱ्या वर्षी जाहिरात आणि पत्रकारिता अशा दोन वाटा फुटतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विषयांची रचना आणि श्रेयांक (क्रेडिट) बदलत आहेत, चौथ्या वर्षाचा ऑनर्सही आला आहे, तेव्हा चालू वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून काढून घ्या. पण एक प्रश्न कॉलेजातच विचारावा लागतो : तिसऱ्या वर्षी पत्रकारितेचा वर्ग तुमच्याकडे खरोखर चालतो का? मुलं कमी पडली की दोन्ही वाटा चालवणं कॉलेजला परवडत नाही. पत्रकारितेसाठी आलेलं पोर दोन वर्षांनी जाहिरातीच्या वर्गात बसलेलं दिसतं, आणि तोवर कॉलेज बदलायची वेळ गेलेली असते. गेल्या दोन वर्षांत किती मुलांनी पत्रकारिता घेतली, तो आकडा मागा.

आणि पदवी कुणाची, हेही बघा. शहरांत ‘मीडिया इन्स्टिट्यूट’ अशा पाट्या खूप आहेत. तिथे शिकवतात एकजण आणि पदवीच्या कागदावर नाव असतं दुसऱ्याच विद्यापीठाचं, कधी परराज्यातलं. काही ठिकाणी तर पदवी नसतेच, नुसतं प्रमाणपत्र असतं. प्रवेश घेण्याआधी सरळ विचारा, कागदावर कुणाची मोहोर असेल? ते विद्यापीठ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का, आणि कॉलेजची संलग्नता त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिसते का, हे मोबाइलवर बघता येतं. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही जाहीर करतो. कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकची श्रेणी जरूर पाहा, मात्र ती सगळ्या संस्थेची असते. चाळीस वर्षं नावाजलेल्या विज्ञान शाखेच्या जोरावर मिळालेली श्रेणी त्याच इमारतीतल्या माध्यम विभागाबद्दल फारसं काही सांगत नाही.

आता मुंबईचा प्रश्न. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चाकरमानी झाल्याने मुंबईला जाणं म्हणजे मार्गी लागणं, असं मनात पक्कं बसलं आहे. पत्रकारितेत तर ते अधिकच वाटतं, कारण वाहिन्या आणि मोठी दैनिकं तिथे आहेत. मुंबईला पाठवू नका असं मी म्हणणार नाही. मंत्रालय, उच्च न्यायालय, महापालिका, नाटकं, सभा, ग्रंथालयं हे सगळं तिथे आहे, आणि हुशार पोराला त्याचा फायदा होतो. पण तो फायदा संध्याकाळी मिळतो, कॉलेज सुटल्यावर. पोर विरारला किंवा डोंबिवलीला काकांच्या एका खोलीत राहणार, सकाळची लोकल पकडून दादर-चर्चगेटला जाणार आणि तास संपताच गर्दीच्या आधी परत निघणार असेल, तर त्याच्या वाट्याला मुंबईतला फक्त प्रवास येतो. जिथे राहायची सोय आहे तिथून अर्ध्या तासाच्या आतलं कॉलेज आधी शोधा. नावाने दुय्यम असलं तरी चालेल. वसतिगृहाचा खर्च फीपेक्षा जास्त होतो, तो आधी मांडा. शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्त्या, राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार, यांतलं आपल्या मुलाला आणि या अभ्यासक्रमाला काय लागू होतं, ते कॉलेजच्या कार्यालयात प्रवेशाआधीच विचारून घ्या. आंब्याचे पैसे हातात असतात तेव्हा पहिला हप्ता जड जात नाही, दुसऱ्या सत्राचा जातो.

इथे राहून शिकलं तर काय मिळतं? बातम्या मिळतात. कोकणाइतक्या बातम्या फार थोड्या प्रदेशांत असतील. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. महामार्गाचं चौपदरीकरण दहा वर्षांहून अधिक काळ चाललं आहे. पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून किनाऱ्यावर संघर्ष आहे, दोडामार्गात हत्ती आहेत, लोट्याच्या कारखान्यांचं सांडपाणी आहे, कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. मुंबईचा बातमीदार यांतल्या प्रत्येक गोष्टीला एकदा येतो आणि जातो. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली. धरणाला गळती असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. अशा तक्रारीचा कागद वाचून पाटबंधारे कचेरीच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा चढणारं माणूस तालुक्यात राहणारंच लागतं, आणि ते शिकलेलं लागतं. मला अशी मुलं इथे हवी आहेत. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

भाषेचं काय, हे पालक हमखास विचारतात. मराठी शाळेत शिकलेलं पोर मुंबईच्या इंग्रजी वर्गात गेलं की पहिलं वर्ष मागच्या बाकावर गप्प बसून काढतं, हे मी पाहिलं आहे. गुण चांगले असूनही काही मुलं त्या वर्षात कॉलेज सोडून गावी येतात. मुंबईतल्या रुईया, साठे अशा काही कॉलेजांनी हा अभ्यासक्रम मराठीतूनही चालवला आहे. यंदा मराठीची तुकडी आहे का, उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, हे चौकशीच्या पहिल्या फोनमध्येच विचारा.

मात्र मराठी घेतलं म्हणजे इंग्रजीतून सुटका झाली, असं मुलाला वाटू देऊ नका. प्रकल्पाची जनसुनावणी असते तेव्हा पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, सविस्तर अहवाल बहुधा इंग्रजीतच असतो, आणि अडचणीचा मजकूर सारांशात सापडतोच असं नाही. उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांच्या नियमांच्या, अधिसूचनाही मराठीत नसतात. जैतापूरचा अणुप्रकल्प, नाणार आणि बारसूची रिफायनरी या प्रत्येक वादात गावकऱ्यांना ज्याची गरज होती तो माणूस म्हणजे इंग्रजी कागद वाचून मराठीत सरळ सांगणारा. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं ते एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी असं. आपल्या मुलांना त्याच तयारीची गरज आहे. लिहायचं मराठीत, वाचायचं दोन्ही भाषांत. कॉलेजात भाषांतराचा सराव करून घेतात का, तेही विचारून ठेवा. दैनिकाच्या डेस्कवर नवख्याला पहिलं काम बहुधा तेच मिळतं.

शिकवणाऱ्यांची पारख करायची एक सोपी युक्ती सांगतो. माध्यम कायद्याचा विषय असतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. बदनामीची ४९९ आणि ५०० ही जुनी कलमं गेली, आता ते कलम ३५६ आहे. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाची वही बघायला मिळाली तर तिथे कोणती कलमं लिहिली आहेत, ते बघा. शिकवणारा जुन्याच टिपणांवर चालला आहे की ताजं वाचतो, हे त्या एका पानावर कळतं. माहिती अधिकाराचा अर्ज मुलांनी वर्गात लिहिला की प्रत्यक्ष कचेरीत दाखल केला, हेही विचारा. दाखल केला असेल तर ते कॉलेज मला आवडेल.

आता अशी गोष्ट सांगतो जी प्रवेश समुपदेशक सांगत नाहीत. पत्रकार व्हायला बारावीनंतर लगेच पत्रकारितेचीच पदवी लागते असं नाही. जवळच्या चांगल्या कॉलेजात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी किंवा विज्ञानाची पदवी घ्यायची, त्या तीन वर्षांत स्थानिक दैनिकाला लिहीत राहायचं, आणि मग एक-दोन वर्षांचा पत्रकारितेचा अभ्यासक्रम करायचा, ही वाट जुनी आहे आणि माझ्या मते पुष्कळ मुलांसाठी अधिक चांगली आहे. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूट आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा विभाग आहे, मुंबई विद्यापीठाचे अभ्यासक्रम आहेत, आणि केंद्र सरकारच्या भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची पदविका आहे. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. तिथून शिकलेला एखादा मुलगा बातमीदारीकडे वळला तर मासेमारीच्या संघर्षावर त्याच्या तोडीचं कोण लिहील? तसंच कायद्याच्या पदवीचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेली मुलगी हापूसच्या मोहराबद्दल लिहिताना कुणाच्या पत्रकावर अवलंबून राहणार नाही. विषय माहीत असलेल्या माणसाला बातमी लिहायला वर्षभरात शिकवता येतं. बातमीचा साचा माहीत असलेल्याला विषय शिकवणं फार कठीण जातं, हे मी डेस्कवर वर्षानुवर्षं अनुभवलं आहे. तेव्हा मुलाला आधी विचारा, तुला कशाबद्दल लिहायचं आहे? उत्तर ठाम असेल, तर आधी त्या विषयाची पदवी घेण्याचा विचार जरूर करा.

पैशांचंही स्पष्ट बोलतो. या कामात सुरुवातीला पगार कमी असतो, आणि तालुक्याच्या वार्ताहराला बऱ्याचदा पगार नसतोच. मानधन नाममात्र असतं आणि जाहिराती आणल्या तर त्यावर कमिशन. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्याविरुद्ध बातमी कशी लिहायची, हा प्रश्न मग रोज समोर उभा राहतो. पदवी झाल्यावर पहिली काही वर्षं घरातून आधार द्यावा लागेल, असं धरून चाला. माध्यमांच्या पदवीवर जनसंपर्क, जाहिरात, आकाशवाणी, संस्थांची प्रकाशनं, शासनाचं माहिती खातं अशा इतरही जागा आहेत आणि तिथे जाण्यात कमीपणा काही नाही. फक्त ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असं कॉलेज सांगत असेल तर कुठे, कोणत्या कामावर आणि किती पगारावर, हे तीन प्रश्न विचारा. इंटर्नशिपचंही तसंच. पत्र कॉलेज मिळवून देतं की मुलाने स्वतः शोधायचं, आणि तिथे त्याच्या नावाने एखादी तरी ओळ छापून येते का?

आणि भीती. मुलगी म्हणाली की मला बातमीदार व्हायचं आहे, की आईच्या पोटात गोळा येतो, तो मला कळतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात पत्रकार शशिकांत वारिसे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली, दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला आणि पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. ते रिफायनरीच्या वादाबद्दल लिहीत होते. हे आपल्या अंगणात घडलेलं आहे, ते मुलांपासून लपवू नये. पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध राज्याचा २०१७ चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा असून हल्ले थांबले नाहीत, हेही खरं. पण बातमीदाराने कागदपत्रं कशी जपावीत, धमकी आली तर कुणाला आणि कशी कळवावी, एकटं कुठे जाऊ नये, संपादकाला काय सांगून निघावं, हे शिकवता येतं. वर्गात ते शिकवतात का, हा प्रश्न मुलीच्या बापाने विभागप्रमुखाला जरूर विचारावा. त्यावर गांभीर्याने बोलणारा विभागप्रमुख भेटला, तर मुलीला तिथे निर्धास्त पाठवा.

हे पत्र प्राचार्य आणि संस्थाचालकांच्या वाचनात आलं तर त्यांनाही विनंती आहे. पालकांनी येऊन विचारण्याची वाट न बघता शिकवणाऱ्यांची नावं आणि त्यांनी कुठे काम केलं आहे ते फलकावर लावा. मुलांचा अंक सगळ्यांना बघायला ठेवा. पत्रकारितेच्या वर्गात किती मुलं आहेत ते सांगा. स्टुडिओची किल्ली विभागात ठेवा. आणि तासिकेवर येणाऱ्या शिक्षकाला कागद तपासण्याचा वेगळा मोबदला द्या. रक्कम फार मोठी होत नाही, स्टुडिओच्या एका दिव्याच्या किमतीत एका वर्गाचं सत्र निघेल. तुमच्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलाचं नाव पेपरात छापून आलं, की पुढच्या वर्षी जाहिरात द्यावी लागणार नाही.

पालकहो, प्रवेशाचे दिवस थोडे असतात. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते आणि मग प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा. पहिल्या यादीची घाई सुरू होण्याआधी दोन-तीन कॉलेजांत स्वतः जाऊन या. कार्यालयाच्या खिडकीशी थांबू नका, विभागात जा. मुलाला सोबत न्या आणि प्रश्न त्यालाच विचारू द्या. तिसऱ्या वर्षाची मुलं फाटकाशी, कँटीनमध्ये भेटतील, त्यांच्याशी बोला. त्यांना एवढंच म्हणा, गेल्या सत्रात सरांनी तपासून परत दिलेला तुझा एखादा कागद दाखवतोस का?

आपला,
जिल्हा दैनिकाच्या डेस्कवरचा एक जुना उपसंपादक
रत्नागिरी